हदीसवर शंका घेणारा आणि इस्लामवर जीव असणारा: इग्नाझ गोल्डझिहर, सोप्या भाषेत

हदीसवरून, म्हणजे पैगंबरांच्या सांगण्या-वागण्याच्या ज्या आठवणी पुढे सांगितल्या गेल्या त्यांवरून, कुठेही वाद सुरू झाला की थोड्या वेळाने कुणीतरी गोल्डझिहरचं नाव काढतंच. एका बाजूचे म्हणतात, बघा, युरोपातल्या एवढ्या मोठ्या विद्वानाने शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय की हदीस सगळ्या बनावट आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, तो ज्यू होता, त्याला इस्लामची बदनामीच करायची होती, सोडा त्याला. मला दोन्ही ऐकून वाईट वाटतं, कारण "सगळ्या बनावट" असं त्याने म्हटलेलं नाही, आणि इस्लामवर त्याचा जेवढा जीव होता तेवढा त्या काळातल्या युरोपातल्या फार थोड्या विद्वानांचा असेल. म्हणून म्हटलं एकदा नीट, सावकाश लिहावं, हा माणूस कोण होता आणि तो नक्की काय म्हणत होता. विषय जरा किचकट आहे पण अजिबात न समजण्यासारखा नाही.

तर आधी माणूस. जन्म २२ जून १८५०, हंगेरीतलं सेकेशफेहेरवार हे गाव, ज्यू घर, वडलांचा चामड्याचा व्यापार. पाचव्या वर्षी हा मुलगा हिब्रू बायबल मुळातून वाचत होता, आठव्या वर्षी तालमूद (ज्यू धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ), आणि बाराव्या वर्षी त्याने ज्यू प्रार्थना कशा तयार झाल्या, कुठली कधीची, यावर एक पुस्तिका लिहिली जी छापलीसुद्धा गेली. म्हणणं साधंच होतं, की आपण आज म्हणतो त्या प्रार्थना एका दिवसात तयार झालेल्या नाहीत, त्यांना इतिहास आहे. सनातनी मंडळींना ते रुचलं नाही, आणि पुढे त्याने स्वतःच डायरीत लिहिलंय की नास्तिक, मुक्त विचारांचा म्हणून आपली जी बदनामी झाली तिची पहिली वीट हीच. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण लोकांना वाटतं की त्याने चिकित्सा फक्त दुसऱ्यांच्या धर्माची केली. त्याने ती सुरू केली स्वतःच्या घरातून, आणि तेही मिसरूड फुटायच्या आधी.

पुढे कुटुंब पेस्टला आलं (बुडा आणि पेस्ट तेव्हा अजून वेगळी शहरं होती), आणि तिथे त्याला शिक्षक मिळाला व्हामबेरी, म्हणजे तोच जो १८६३ साली दरवेशाच्या वेशात बुखारा-समरकंदपर्यंत जाऊन आला होता. शिक्षणमंत्री योजेफ ओटव्होश यांनी या हुशार पोराला सरकारी खर्चाने परदेशी पाठवलं, लायप्झिगमध्ये फ्लायशर नावाच्या अरबीच्या त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या प्राध्यापकाकडे तो शिकला, आणि १८७० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, डॉक्टरेट घेऊन मोकळा झाला. परत आल्यावर विद्यापीठात जागा मिळणार असं सगळं ठरल्यासारखंच होतं, पण १८७१ मध्ये ओटव्होश वारले आणि ते सगळंच अधांतरी राहिलं.

१८७३ च्या सप्टेंबरात तो पूर्वेकडे निघाला. इस्तंबूल, बैरूत, दमास्कस, जेरुसलेम, कैरो, असा साधारण सात-आठ महिन्यांचा प्रवास. हा प्रवास समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. त्या काळी युरोपातले बरेच 'प्राच्यविद्यातज्ज्ञ' आयुष्यभर घरी बसून हस्तलिखितं वाचत आणि अरबी बोलणारा माणूस त्यांना क्वचितच भेटायचा. याने दमास्कसमध्ये मौलवींशी दोस्ती केली, पुस्तकांच्या दुकानात तासन्‌तास गप्पा मारल्या, आणि कैरोत तर थेट अल-अझहर या इस्लामच्या जुन्या, मानाच्या विद्यापीठात शिकायला बसायची परवानगी मिळवली. अझहरमध्ये असा रीतसर बसून शिकलेला पहिला बिगरमुस्लिम युरोपियन म्हणून त्याचं नाव घेतात. तिथे शेख लोकांसमोर जमिनीवर बसून तो धडे घ्यायचा, वाद घालायचा, आणि बाहेर बाजारात युरोपियनांच्या दादागिरीविरुद्ध स्थानिक लोकांच्या बाजूने बोलायचा. इस्लामी सुधारक विचारवंत जमालुद्दीन अफगाणी त्याला कैरोतच भेटले, तेच जे पुढे हैदराबाद आणि कलकत्त्यालाही राहून गेले.

डायरीत त्याने या दिवसांबद्दल जे लिहिलंय ते वाचून थक्क व्हायला होतं. तो म्हणतो, त्या आठवड्यांत मी इस्लामच्या अंतरंगात इतका शिरलो की आपण स्वतः मुसलमानच आहोत अशी माझी आतून खात्री झाली. आणि एका शुक्रवारी तो वेश बदलून हजारो लोकांमध्ये नमाजाला उभा राहिला, मशिदीच्या जमिनीला कपाळ टेकवलं, आणि आयुष्यात याहून खऱ्या भक्तिभावाने मी कधीच प्रार्थना केली नाही असं लिहून ठेवलं. त्याने धर्म बदलला नाही. तो शेवटपर्यंत शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळणारा ज्यूच राहिला. त्याला वाटायचं की इस्लामने विचाराच्या आणि नीतीच्या कसोटीवर जे साधलं त्या उंचीवर आपला ज्यू धर्मही पोचला पाहिजे.

वडील आजारी पडले म्हणून १८७४ मध्ये परत आला, वडील गेले, घरची परिस्थिती ओढाताणीची झाली, आणि ज्या जागेवर आशा होती ती तोवर दुसऱ्याला देऊन टाकलेली. मग १८७६ च्या जानेवारीपासून त्याने पेस्टच्या ज्यू समाजसंस्थेत सचिवाची नोकरी धरली. तीस वर्षं. दिवसभर पत्रव्यवहार, सभा, संस्थेतल्या श्रीमंत पुढाऱ्यांचे रुसवेफुगवे आणि अपमान, आणि मग रात्री आणि सुट्ट्यांमध्ये अरबी हस्तलिखितं. इस्लामच्या आधुनिक अभ्यासाचा पाया ज्या पुस्तकांनी घातला ती सगळी या उरलेल्या वेळातली आहेत, यावर विश्वास बसत नाही. १८८४ मध्ये जाहिरी पंथावरचं, म्हणजे धर्मवचनांचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या कायद्याच्या पंथावरचं, पुस्तक, १८८९ आणि १८९० मध्ये 'मुहामेडानिशे श्टुडियन' म्हणजे मुस्लिम अध्ययनांचे दोन खंड. १८८९ मध्येच स्टॉकहोमच्या प्राच्यविद्या परिषदेत स्वीडनच्या राजाकडून सुवर्णपदक. १८९४ मध्ये केंब्रिजने बोलावलं, पुढे कैरोच्या नव्या विद्यापीठानेही, पण घर आणि देश सोडवला नाही. बुडापेस्ट विद्यापीठाने पूर्ण प्राध्यापकपद दिलं ते १९०५ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी! मधल्या काळात, १९०० साली, थोरल्या मुलाने आत्महत्या केली. त्याची डायरी फार कडवट आहे, सहकाऱ्यांवर, व्हामबेरीवरसुद्धा इतके वार आहेत की ते सगळे न्याय्य असतील असं मला वाटत नाही, पण तीस वर्षं रोज नकोशा खुर्चीत बसलेल्या माणसाचं ते लिखाण आहे हे विसरून चालणार नाही.

आता मुख्य विषय. हदीस म्हणजे काय?

कुराण हा मुस्लिमांच्या श्रद्धेप्रमाणे ईश्वराचा शब्द. पण रोजच्या जगण्यातल्या शेकडो गोष्टी, म्हणजे नमाज नक्की कसा पढायचा, वारसा कसा वाटायचा, व्यवहारात काय चालतं काय नाही, याचा सगळा तपशील कुराणात नाही. मग लोक विचारायचे, प्रेषित मुहंमद पैगंबर अशा वेळी काय करायचे, काय म्हणायचे? त्यांच्या उक्ती, कृती, मूक संमती, यांच्या ज्या आठवणी पुढे सांगितल्या गेल्या त्या हदीस. शरियतचा फार मोठा भाग हदीसवर उभा आहे, म्हणून हदीस खरी का खोटी हा फक्त पुस्तकी प्रश्न नाहीये, कायद्याचा आणि जगण्याचा प्रश्न आहे.

प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. मजकूर, त्याला मत्न म्हणतात, आणि त्याच्या आधी ज्यांच्या तोंडून तो आला त्यांची साखळी, तिला इस्नाद किंवा सनद. बुखारी हे नवव्या शतकातले हदीस जमवणारे नामांकित विद्वान, त्यांच्या संग्रहातली अगदी पहिलीच हदीस घ्या, "कर्मं हेतूवर अवलंबून असतात" ही. बुखारी सांगतात, मला हुमैदींनी सांगितलं, त्यांना सुफियाननी, त्यांना यह्या बिन सईदनी, त्यांना मुहम्मद बिन इब्राहिमनी, त्यांना अल्कमांनी, आणि अल्कमांनी ते उमर (पैगंबरांचे साथीदार, पुढे दुसरे खलिफा) यांच्याकडून ऐकलं, आणि उमर यांनी स्वतः पैगंबरांकडून. मधे सहा माणसं. पैगंबर गेले ६३२ मध्ये, बुखारी गेले ८७० मध्ये. म्हणजे मधे दोनशेपेक्षा जास्त वर्षं आहेत, आणि या काळात बरंचसं तोंडी चाललेलं आहे, काही लोक टिपणंही ठेवत होते.

आणि बनावट हदीस फिरतायत हे मुस्लिम विद्वानांना गोल्डझिहर जन्मायच्या हजार वर्षं आधीपासून चांगलंच माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण इथेच सगळे घसरतात. इब्न सीरीन हे ७२९ च्या सुमारास वारले, त्यांचं म्हणणं नोंदलेलं आहे की आधी लोक साखळी विचारत नसत, पण यादवी माजली तेव्हा म्हणायला लागले, तुमची माणसं कोण ती नावं सांगा. मुस्लिम बिन हज्जाज यांनी आपल्या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत यह्या अल-कत्तान यांचं एक वाक्य दिलंय ज्याचा अर्थ असा, की सज्जन धार्मिक लोक हदीसच्या बाबतीत जेवढं खोटं बोलतात तेवढं दुसऱ्या कशात बोलताना दिसत नाहीत, आणि मग हे मुस्लिम बिन हज्जाज स्वतः समजावतात की ते मुद्दाम बोलत नाहीत, खोटं त्यांच्या जिभेवर येऊन जातं. म्हणूनच तर या विद्वानांनी निवेदकांच्या चरित्रांचं अख्खं शास्त्र उभं केलं, कोण कुठे जन्मला, कोण कुणाला खरंच भेटू शकला असता, कुणाची स्मरणशक्ती म्हातारपणी गेली, कोण विश्वासाचा, कोण थापाड्या, आणि त्यावरून हदीसला सहीह (भरवशाची), हसन (चांगली), जईफ (कमकुवत) असे दर्जे दिले. परंपरा सांगते की बुखारींनी सहा लाखांतून निवडून सात हजारांच्या आसपास घेतल्या, आणि त्यातल्याही पुनरुक्ती काढल्या तर उरतात साधारण अडीच-पावणेतीन हजार.

मग गोल्डझिहरने नवीन काय केलं?

त्याने प्रश्नच बदलला. परंपरागत विद्वान विचारत होते, ही हदीस पैगंबरांची आहे का, आणि नसेल तर ती बाजूला. गोल्डझिहर म्हणाला, समजा ती पैगंबरांची नसेलही, पण कुणाला तरी कधीतरी ती पैगंबरांच्या नावाने सांगावीशी वाटली ना, मग का वाटली, कुठे वाटली, कुठल्या भांडणात तिचा उपयोग होता? खोटी ठरलेली हदीससुद्धा ज्या काळात ती तयार झाली त्या काळाचा खरा पुरावा असते. आपल्याकडे नामदेव गाथेत 'नामा म्हणे' असे शेवट असलेले बरेच अभंग नंतरच्या विष्णुदास नाम्याचे आहेत असं अभ्यासक दाखवतात. ते चौदाव्या शतकातल्या नामदेवांबद्दल काही सांगत नसतील, पण नंतरचे वारकरी काय विचार करत होते, नामदेवांच्या तोंडी काय शोभतं असं त्यांना वाटत होतं, हे ते अभंग अगदी खात्रीने सांगतात. तसंच हे.

या नजरेने त्याने हदीसचा ढीग उपसायला घेतला आणि त्याला दिसलं काय, तर पहिल्या दोन शतकांतला जवळजवळ प्रत्येक वाद त्यात बोलतोय. उमय्या घराणं ६६१ ते ७५० सत्तेवर, त्यांच्या बाजूच्या हदीस आहेत, विरोधातल्या आहेत. पैगंबरांचे जावई अली यांच्या बाजूच्या आहेत. ७५० नंतर अब्बासी आले, तर पैगंबरांच्या काकांच्या, अब्बास यांच्या वंशाचा गौरव करणाऱ्या आहेत. शहराशहरांची चुरस, कायद्याच्या पंथांचे मतभेद, स्वतःच्या अकलेने निकाल द्यावा का फक्त ऐकीव परंपरेने, हा वादसुद्धा हदीसच्याच रूपात लढला गेलाय. आणि शेजारच्या धर्मांतून आलेलं पण आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात आजाऱ्यासाठी म्हणायची एक प्रार्थना हदीस म्हणून आलीये, स्वर्गातल्या आमच्या प्रभू, तुझं नाव पवित्र असो, अशी सुरुवात असलेली, आणि ती वाचताना ख्रिस्ती लोकांची 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आठवल्याशिवाय राहत नाही. गोल्डझिहरला यात चोरी दिसली नाही. त्याला दिसला एक जिवंत समाज, जो जे जे चांगलं वाटेल ते आपलंसं करून घेतोय आणि त्याला सगळ्यात आदराचं नाव देतोय.

एक उदाहरण जरा जवळून बघू, म्हणजे त्याची पद्धत आणि तिच्यातला धोका, दोन्ही कळेल. एक हदीस आहे, इब्न उमर (मघाच्या उमर यांचे पुत्र) सांगतात, की पैगंबरांनी शिकारीचे आणि गुराढोरांच्या राखणीचे कुत्रे सोडून बाकीचे मारायला सांगितले. मग कुणीतरी इब्न उमर यांना म्हणालं, अबू हुरैरा तर यात "शेताच्या राखणीचा कुत्रा" पण सांगतात. त्यावर इब्न उमर म्हणाले, अबू हुरैरांचं शेत आहे ना. बस, एवढंच. गोल्डझिहर हे वाचतो आणि म्हणतो, बघा, खुद्द पैगंबरांच्या साथीदारांमध्येच एकमेकांवर शंका होती, ज्याला ज्याची गरज तो ते हदीसमध्ये घालतोय असं इब्न उमर सुचवतायत. ऐकायला पटतं, आपणही पटकन हसून तोच अर्थ घेऊ. पण मुस्लिम भाष्यकार याच वाक्याचा अर्थ वेगळा लावतात, की ज्याचं शेत आहे त्याला शेताच्या कुत्र्याबद्दलचा नियम नीट लक्षात राहणारच, इब्न उमर दुजोरा देतायत, टोमणा मारत नाहीयेत. आणि शेताच्या कुत्र्याची सूट दुसऱ्या साथीदारांच्या तोंडूनही आलेली आहे, एकट्या अबू हुरैरांच्या नाही. मला विचाराल तर इथे गोल्डझिहरने घाई केली. वाक्य दोन्हीकडे वळतं, आणि त्याने नेहमी शंकेच्याच बाजूला वळवलं.

याहून मोठी घाई झाली ती जुहरी या सुरुवातीच्या काळातल्या मोठ्या हदीस-विद्वानाच्या बाबतीत. हे प्रकरण गाजलेलं आहे. जेरुसलेममधला तो सोनेरी घुमट, डोम ऑफ द रॉक, उमय्या खलिफा अब्दुल मलिकने बांधला, त्यावरचं साल हिजरी ७२ म्हणजे ६९१-९२. त्याच वेळी मक्का त्याच्या शत्रूच्या, अब्दुल्ला बिन झुबैर यांच्या ताब्यात होती. याकूबी नावाच्या नवव्या शतकातल्या इतिहासकाराने लिहिलंय की लोक हजला मक्केला जाऊन शत्रूला सामील होतील म्हणून खलिफाने त्यांना जेरुसलेमकडे वळवलं आणि त्यासाठी जुहरींची एक हदीस पुढे केली, की प्रवास करावा तो तीनच मशिदींसाठी, मक्का, मदिना आणि जेरुसलेम. गोल्डझिहरने हे उचललं आणि म्हणाला, हे घ्या, सरकारी गरजेसाठी हदीस तयार झाल्याचा पुरावा. टीकाकारांनी मग काय केलं, तर साध्या तारखा तपासल्या. जुहरी जन्मले ६७० ते ६७८ च्या दरम्यान कधीतरी, म्हणजे घुमटाच्या वेळी पोरसवदा, सगळ्या मुस्लिम जगाने ऐकावं असं त्यांचं वजन तेव्हा नव्हतंच, अब्दुल मलिकशी त्यांची गाठ पडली तीही बहुधा नंतर. शिवाय ती हदीस जुहरींना वगळून दुसऱ्या साखळ्यांनीही आलीये, आणि याकूबी उमय्यांच्या विरोधातला शिया कलाचा लेखक. आज हे उदाहरण गोल्डझिहरच्या बाजूने फारसं कुणी देत नाही. गंमत अशी की त्याला खोडून काढायला वापरलेली हत्यारं, कोण कुणाला कधी भेटला, कुणाचा कल कुठे, ही जुन्या हदीसशास्त्राचीच होती.

अजून एक गोष्ट तो म्हणायचा की मुस्लिम विद्वानांनी साखळ्याच तपासल्या, मजकूर तपासला नाही. हेही पूर्ण खरं नाही, नंतरच्या अभ्यासाने दाखवलंय की ते मजकुरावरूनही हदीस नाकारायचे, फक्त नाकारताना दोष बहुतेक वेळा साखळीतल्या कुणाच्या तरी माथी मारायचे.

पण या चुकांमुळे त्याचा मूळ मुद्दा पडला का? नाही. उलट पुढची सगळी मंडळी त्याच रस्त्यावर, त्याच्याशी भांडत भांडत चालली. योझेफ शाख्टने १९५० मध्ये इस्लामी कायद्याच्या उगमावर पुस्तक लिहिलं आणि गोल्डझिहरपेक्षा कितीतरी कडक भूमिका घेतली. त्याची एक कल्पना समजून घेण्यासारखी आहे. मघाची हेतूवाली हदीस आठवा. पैगंबरांपासून यह्या बिन सईदपर्यंत माणसं एकेकच आहेत, आणि यह्यांच्या पुढे मात्र एकदम पुष्कळ फाटे फुटतात, बऱ्याच जणांनी त्यांच्याकडून ऐकलं. जिथून फाटे फुटतात तो माणूस म्हणजे समाईक दुवा. शाख्टचं म्हणणं, ती हदीस प्रचारात आली ती या दुव्याच्या काळात, त्यानेच किंवा त्याचं नाव वापरून कुणीतरी आणली, आणि मागची सरळ रेघ नंतर जोडली. परंपरागत विद्वान म्हणतात, यात लपवण्यासारखं काय आहे, ही हदीस सुरुवातीला एकेकाकडून आली आणि नंतर प्रसिद्ध झाली हे आम्ही केव्हाच लिहून ठेवलंय, यह्या मोठे शिक्षक होते म्हणून त्यांच्याकडून पुष्कळांनी घेतली. चित्र एकच आहे, अर्थ दोन.

आणि इथे आपल्या देशाचा संबंध येतो. उत्तर प्रदेशात मऊ म्हणून साड्यांच्या विणकामाचं गाव आहे. तिथले मुहम्मद मुस्तफा आझमी, जन्म १९३०, देवबंद आणि अझहरमध्ये शिकून केंब्रिजला गेले आणि १९६६ मध्ये सुरुवातीच्या हदीस साहित्यावर डॉक्टरेट केली. त्यांचं म्हणणं की गोल्डझिहर आणि शाख्ट यांना वाटतं त्यापेक्षा लिखाण कितीतरी आधीपासून चालू होतं, आणि त्यांनी कोण कुणाची टिपणं उतरवून घेत होता याच्या नोंदी चिकाटीने गोळा केल्या. त्याच मऊचे दुसरे विद्वान, हबीबुर्रहमान आझमी. त्यांनी यमनमधल्या अब्दुर्रझाक सनआनी (मृत्यू ८२७) यांचा 'मुसन्नफ' हा हदीस आणि जुन्या विद्वानांच्या मतांचा अवाढव्य संग्रह हस्तलिखितांवरून संपादित केला, तो १९७० च्या सुमारास बैरूतमध्ये अकरा खंडांत छापला गेला. बुखारींच्या आधीचं हे साहित्य. गोल्डझिहरला ते असं छापील, हाताशी कधीच मिळालं नव्हतं.

त्या अकरा खंडांवर हाराल्ड मोट्झकी नावाचा जर्मन अभ्यासक बसला आणि १९९१ मध्ये त्याने शाख्टला जोरदार उत्तर दिलं. त्याचा युक्तिवाद मला फार आवडतो. त्यात मक्केचे इब्न जुरैज हे आपले गुरू अता यांची मतं हजारोंनी सांगतात. मोट्झकी विचारतो, हे सगळं इब्न जुरैजने रचलं असतं तर कसं दिसलं असतं? सगळ्या प्रश्नांची सुबक उत्तरं असती, आणि प्रत्येक उत्तर पैगंबरांपर्यंत नेऊन भिडवलेलं असतं. प्रत्यक्षात काय आहे, तर अता बरेचदा फक्त स्वतःचं मत देतात, पैगंबरांचा हवाला क्वचितच देतात, कधी सरळ म्हणतात मला माहीत नाही, आणि इब्न जुरैज कधी सांगतात की हे मी गुरूंकडून स्वतः ऐकलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. रचणारा माणूस स्वतःची बाजू अशी लंगडी कशाला ठेवेल? म्हणून निदान या साहित्याचा मोठा भाग अस्सल आहे आणि आपण हिजरी पहिल्या शतकाच्या शेवटापर्यंत बऱ्यापैकी खात्रीने मागे जाऊ शकतो. आता अभ्यासक एकेक हदीस घेऊन तिच्या सगळ्या साखळ्या आणि सगळे पाठ शेजारी शेजारी ठेवून बघतात. सगळ्या खऱ्या, सगळ्या खोट्या, असं घाऊक बोलणं गंभीर अभ्यासात आता चालत नाही.

म्हणून "गोल्डझिहरने सिद्ध केलं" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. त्याचं म्हणणं हे होतं की हदीसचा हा प्रचंड साठा इस्लामच्या बाल्यावस्थेचा इतिहास म्हणून जसाच्या तसा वापरता येणार नाही, त्यातलं पैगंबरांचं मूळ किती हे खात्रीने सांगणं अवघड आहे, पण इस्लाम मोठा कसा झाला हे सांगणारा याच्याइतका मौल्यवान दस्तऐवज दुसरा नाही. यात तिरस्कार कुठे आहे? अर्नेस्ट रेनाँसारखा फ्रेंच पंडित जेव्हा म्हणत होता की सेमिटिक लोकांना पुराणकथा रचायची प्रतिभाच नाही, तेव्हा १८७६ मध्ये हिब्रू पुराणकथांवर पुस्तक लिहून त्याला विरोध करणारा हाच. त्याच्या मते कुठलाच समाज जन्मतः गोठलेला नसतो. इस्लाम बदलतो, वाद घालतो, घेतो, वाढतो, हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्या काळच्या युरोपात इस्लामला असा चालता-बोलता इतिहास आहे हे मान्य करणं हीच मोठी गोष्ट होती. मात्र श्रद्धाळू मुसलमानाला त्याची पुस्तकं टोचतात, हेही मी समजू शकतो. ज्या शब्दांवर तुमची रोजची प्रार्थना उभी आहे त्यांच्याबद्दल कुणी "हे कुठल्या भांडणातून आलं असेल" असं विचारलं तर ते सहज पचणारं नाही.

तो गेला १३ नोव्हेंबर १९२१ ला, बुडापेस्टमध्येच. पुस्तकांचा मोठा संग्रह जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेला, आणि त्याला जगभरातून आलेली तेरा हजारांहून जास्त पत्रं हंगेरियन अकादमीत आहेत. डायरी छापली गेली ती थेट १९७८ मध्ये.

अझहरशी त्याचा संबंध मात्र इतक्यात संपला नाही. १९३९ मध्ये जर्मनीहून शिकून आलेले डॉ. अली हसन अब्दुल कादिर यांनी अझहरच्या शरियत विभागात शिकवताना गोल्डझिहरचे मुद्दे मांडले, तेव्हा वर्गात सीरियाचा एक विद्यार्थी होता, मुस्तफा सिबाई. तो भडकला, आणि त्याने पुढे सुन्नतच्या, म्हणजे हदीसमधून कळणाऱ्या पैगंबरांच्या वागण्याच्या आदर्शाच्या, बचावासाठी अख्खा ग्रंथ लिहिला ज्यात जुहरींचं प्रकरण कलम कलम करून खोडलंय. आजही अरबी जगात गोल्डझिहरला उत्तर म्हणून तोच ग्रंथ पुढे केला जातो.

ज्यांना प्रत्यक्ष वाचायचंय त्यांनी 'मुहामेडानिशे श्टुडियन'च्या खंडांपासून सुरुवात करू नका, दमछाक होईल. १९१० चं त्याचं इस्लामवरच्या व्याख्यानांचं पुस्तक घ्या. ही व्याख्यानं तो अमेरिकेत देणार होता, तब्येतीमुळे जाता आलं नाही, म्हणून छापली. सहाच प्रकरणं आहेत, पैगंबर, कायदा, श्रद्धाशास्त्र, वैराग्य आणि सूफी, पंथ, आणि नंतरच्या चळवळी. इंग्रजीत १९८१ चं भाषांतर चांगलं आहे, १९१७ चं टाळा, ते खुद्द गोल्डझिहरलाच आवडलं नव्हतं. अरबी येत असेल तर १९४६ ची कैरो आवृत्ती शोधा. तिच्या भाषांतरकारांत अझहरचे शिक्षकही होते, आणि जिथे जिथे पटलं नाही तिथे तळटीपांमधून त्यांनी गोल्डझिहरशी चांगलाच वाद घातलाय.